सायकलवाल्याच्या नजरेतून एक कॅफे

रविवारच्या राइडसाठी कॅफे निवडताना मी मेन्यू नंतर बघतो, आधी सायकल कुठे लावायची ते. इथे त्याला पैकीच्या पैकी गुण. स्टँड थेट काचेसमोर, तोही उलट्या यू आकाराचा, त्यामुळे फ्रेम आणि चाक दोन्ही एकाच कुलुपात येतात. नुसतं पुढचं चाक अडकवायचे स्टँड असतात ना, तिथे क्विक रिलीजचं, म्हणजे खटका उघडून हातानेच निघणारं, चाक मागे ठेवून बाकीची सायकल चोर आरामात घेऊन जातो!

एस्प्रेसो झकास. २५-३० सेकंदांत उतरलेला, वर दाट तपकिरी फेस, जळका वास अजिबात नाही. कॅपुचिनोचं दूध मात्र चटका बसेल इतकं गरम. ६५ अंशांच्या पुढे गेलं की दुधाचा गोडवा मरतो, हे मशीनवरच्या पोराला कुणीतरी सांगा रे.

ब्रंचला ऑम्लेट-टोस्ट घ्या. परतीला चढ असेल तर पॅनकेकच्या नादी लागू नका. फरशी गुळगुळीत आहे, क्लीटवाल्या (तळाला पेडलमध्ये अडकणारा कडक तुकडा असलेल्या) बुटांत काउंटर गाठेपर्यंत जीव मुठीत! पण पाण्याची बाटली न मागता भरून देतात. नऊनंतर बाहेरचं टेबल मिळणं कठीण, तेव्हा लवकर निघा.