पहिला घरगुती संगणक : एएम४, एलजीए१७०० की एएम५?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पहिला संगणक असेंबल करून घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला बहुधा एकच प्रश्न विचारतो : ‘आय५ घेऊ की रायझन?’ आय५ हा इंटेलचा प्रोसेसर, रायझन एएमडीचा. प्रश्न रास्त आहे, पण त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवायला हवी, ती म्हणजे या संगणकात ग्राफिक्स कार्ड कधी बसणार आहे का, आणि बसणार असेल तर केव्हा. प्रोसेसर निवडला की त्याचे सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर तो बसण्याची जागा, ठरते, सॉकेटवरून मदरबोर्ड ठरतो, मदरबोर्डवरून रॅमचा प्रकार ठरतो. आणि चार वर्षांनी यांतले काय हाती राहील व काय विकून टाकावे लागेल, हेही त्याच दिवशी ठरून गेलेले असते.

सध्या मध्यम खर्चाच्या पहिल्या संगणकासाठी तीन वाटा विचारात घेण्याजोग्या आहेत. पहिली एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटची, जिच्यावर रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर बसतो. दुसरी इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटची, जिच्यावर बाराव्या पिढीचा आय५-१२४०० बसतो. तिसरी एएमडीच्या एएम५ची, जिच्यावर रायझन ५ ७६०० किंवा ८६००जी येतो. या चारही प्रोसेसरांमध्ये ६ कोर (काम करणारे स्वतंत्र भाग) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारे कामांचे धागे) आहेत. त्यामुळे हिशेबाच्या फायली, ऑनलाइन वर्ग, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांचे प्रोग्रॅमिंग, घरगुती फोटो अशा कामांत यांतला कोणताही कमी पडणार नाही, आणि नुसत्या वेगाच्या आकड्यांवरून निवड करण्यात फारसा अर्थ नाही.

एक चौथी वाट दुकानात हमखास दाखवली जाते, आणि ती मात्र टाळावी. चौथ्या पिढीचा वापरलेला आय५ आणि नवा कोरा एच८१ मदरबोर्ड अशी ती स्वस्त जोडी असते. ‘आय५’ हे नाव तेच असले तरी पिढी दहा वर्षांहून जुनी असते. विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्या घरात बँकेचे व्यवहार याच यंत्रावरून होणार आहेत, तिथे ही बचत महागात पडते.

आता ग्राफिक्स. कार्ड घ्यायचेच नसेल, तर चित्र दाखवण्याचे सगळे काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर येते, आणि इथे हे प्रोसेसर एकमेकांपासून चांगलेच वेगळे आहेत. ५६००जीमधले वेगा ग्राफिक्स हलके खेळ कमी सेटिंगवर समाधानकारक चालवते. ८६००जीमधले रेडिऑन ७६०एम त्याच्या बरेच पुढे आहे. आय५-१२४००मधले यूएचडी ७३० खेळांत या दोघांच्या मागे राहते. व्हिडिओ पाहणे आणि संपादित केलेला व्हिडिओ साठवणे मात्र ते उत्तम सांभाळते, कारण त्यासाठी इंटेलने वेगळी यंत्रणा दिलेली आहे. रायझन ५ ७६००मधले ग्राफिक्स मॉनिटर चालू राहण्यापुरतेच आहे. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, म्हणजे आय५-१२४००एफ असेल, तर त्यात ग्राफिक्सच नसते. मदरबोर्डवर एचडीएमआयचे तोंड दिसले तरी त्यातून चित्र येत नाही. थोड्या पैशांच्या फरकासाठी ‘एफ’ घेऊन घरी आल्यावर काळा पडदा पाहत बसलेले लोक मला भेटले आहेत, म्हणून बिल होण्याआधी हे अक्षर स्वतः वाचावे.

आज कार्ड नको, पण दोन वर्षांनी घेऊ, असे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी तुलना उलटी होते. ५६००जी आज चांगले ग्राफिक्स देतो, पण त्याची किंमत पुढे वसूल करतो. त्याचा एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, १६ एमबी आहे, तर त्याच पिढीतल्या साध्या ५६००चा ३२ एमबी; शिवाय ज्या मार्गाने कार्ड प्रोसेसरशी जोडले जाते त्या पीसीआय एक्सप्रेसची तो तिसरीच आवृत्ती देतो. आरएक्स ६५०० एक्सटीसारखे स्वस्त कार्ड या मार्गाच्या केवळ चार लेनवर (पदरांवर) चालते, आणि जुन्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये त्याचा वेग जाणवण्याइतका घटतो. म्हणजे कमी पैशांत ज्याला कार्ड बसवायचे आहे, त्यालाच ५६००जी सर्वाधिक अडवतो. आय५-१२४००ला ही अडचण नाही. पुढे येणाऱ्या कार्डाला तो पूर्ण रुंदीचा आणि नव्या आवृत्तीचा रस्ता देतो. माझे मत विचाराल तर एएम४ आणि एलजीए१७०० यांच्यातला निर्णय या एका मुद्द्यावर करावा : कार्ड कधीच येणार नसेल आणि घरात मुले थोडे खेळणार असतील तर ५६००जी, आणि कार्ड नंतर येणार असेल तर १२४००.

रॅमच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्या लागतात, प्रकार आणि जोडणी. एएम४वर डीडीआर४च चालते, एएम५वर डीडीआर५च चालते, आणि एलजीए१७००वर मदरबोर्डप्रमाणे दोन्हींपैकी एक चालते. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. २०२५च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमच्या किमती जगभर भडकल्या आणि काही महिन्यांत अनेक जोड्यांच्या किमती दुपटीच्याही वर गेल्या. एरवी मी नव्या माणसाला सरळ एएम५ घ्यायला सांगितले असते, पण डीडीआर५ची किंमत हिशेबात धरली की तो सल्ला सरसकट देता येत नाही. ज्याच्याकडे जुन्या संगणकातली किंवा नातलगाकडून मिळालेली चांगली डीडीआर४ रॅम आहे, त्याने ती वापरता येईल असाच मदरबोर्ड घ्यावा.

जोडणीचा मुद्दा याहूनही महत्त्वाचा आहे. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते रॅममधूनच काम भागवते. डीडीआर४-३२००ची एकच पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहून नेऊ शकते, दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या तर ५१.२ जीबी. म्हणून १६ जीबीची एक पट्टी आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या कागदावर सारख्या दिसल्या, तरी ५६००जी किंवा ८६००जीवर खेळताना त्यांत मोठा फरक पडतो. माझ्या भाच्याच्या संगणकात दुकानदाराने ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून एकच पट्टी घातली होती. दुसरी बसवल्यावर जो खेळ अडखळत होता तो तेवढ्यानेच सुरळीत चालू लागला. ज्या संगणकात स्वतंत्र कार्ड आहे, त्यात एका पट्टीने सुरुवात केली तर नुकसान कमी होते, आणि आजच्या भावांत तो मार्ग मला समंजस वाटतो.

पुढच्या सोयीचा विचार केला तर एएम५ निर्विवाद पुढे आहे. हे सॉकेट २०२२मध्ये आले आणि २०२७पर्यंत व त्यानंतरही त्याला आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. आज ७६०० घेणाऱ्याला बायॉस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) अद्ययावत करून त्याच मदरबोर्डवर ९००० मालिकेतला प्रोसेसर बसवता येतो. एलजीए१७००वर तेरावी आणि चौदावी पिढी बसते, पण इंटेल २०२४मध्ये नव्या सॉकेटकडे वळली आहे. एएम४ची वाटही ५००० मालिकेपाशीच थांबते. अर्थात ज्या घरात संगणक आठ वर्षे तसाच वापरला जातो आणि मग नवाच येतो, त्या घराने या सोयीसाठी आज जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

मदरबोर्ड साधा असला तरी चालतो. एलजीए१७००साठी एच६१० किंवा एएम४साठी ए५२० पुरेसे आहेत. फक्त एच६१०वर रॅमचे बहुधा दोनच स्लॉट असतात, हे लक्षात ठेवावे. विंडोज हार्ड डिस्कवर टाकू नये. साटा प्रकारची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते आणि एनव्हीएमई या नव्या प्रकारची त्याच्या कित्येक पट, पण हार्ड डिस्कवरून साटावर आल्यावर जो फरक जाणवतो तो त्यापुढे रोजच्या कामात जाणवत नाही, त्यामुळे महागड्या एनव्हीएमईचा मोह धरू नये.

जिथे मोह आवरायचा ती जागा कॅबिनेटची आहे, आणि जिथे हात आखडायचा नाही ती एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची. रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटबरोबर येणाऱ्या फुकट एसएमपीएसवर ‘५०० वॅट’ असे ठळक छापलेले असते, पण खरी क्षमता बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात पाहावी. तिथे १६ अँपिअर लिहिले असेल तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅटच मिळतात, आणि प्रोसेसर व कार्ड यांचे पोट याच रकान्यावर भरते. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ३६ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. आरएक्स ६६००सारखे १३२ वॅटचे कार्ड आणि ६५ वॅटचा प्रोसेसर धरला, तरी ब्राँझ दर्जाचा ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस आरामात पुरतो. पावसाळ्यात दर दोन तासांनी वीज जाणाऱ्या गावात हा भाग हलका असेल तर तो एकटा जळत नाही, मदरबोर्डही बरोबर नेतो. त्याच्या जोडीला ६०० व्हीएचा यूपीएस घ्यावा, जो साधारण ३६० वॅटपर्यंत भार पेलतो, आणि ज्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तो लावायचा तिथे अर्थिंग खरोखर आहे का हे वायरमनकडून तपासून घ्यावे. ज्याचे पैसे अगदी मोजके आहेत त्याने ८६००जीऐवजी ५६००जी घ्यावा आणि वाचलेले पैसे इथे लावावेत.

खरेदीच्या वेळी प्रोसेसर कंपनीच्या खोक्यातला आहे की खोक्याविना सुटा, ट्रेमधला, हे विचारावे. ट्रेमधल्याची वॉरंटी बहुधा दुकानदारापुरती आणि कमी मुदतीची असते. जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल क्रमांक लिहून घ्यावा, आणि संगणक दुकानातच चालू करायला लावून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅमचा वेग आणि वापरात असलेले स्लॉट पाहावेत. ३२००ची रॅम तिथे २४००, २६६६ असा कमी आकडा दाखवत असेल, तर बायॉसमधली रॅमची प्रोफाइल चालू करून मगच पैसे द्यावेत.