'वीक स्ट्राइक'च्या नावाखाली झिजलेला रुपया

"वीक स्ट्राइक आहे साहेब, झीज नाही." म्हणजे नक्षी वापराने झिजलेली नाही, टांकसाळीतच कमी दाबामुळे कच्ची उठली आहे. जुनी नाणी विकत घेताना हे वाक्य कानावर पडलं की पाकीट आधी आत ठेवा. याच वाक्यावर एका प्रदर्शनात मला 1911चा रुपया 18 हजारांना गळ्यात मारला गेला.

रुपया पंचम जॉर्जचा. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली, की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली आणि 1912च्या नाण्यावर हत्ती सुधारून आला. त्यामुळे 1911च्या रुपयात जो तो आधी हत्तीच बघतो. या नाण्यावरचा हत्ती सपाट होता. स्टॉलवाला म्हणाला, टांकसाळीतच दाब कमी पडलाय, नाणं यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेलं) आहे, चमक बघा ना! चमक होतीच.

घरी साध्या पिवळ्या बल्बखाली नाणं तिरकं धरून फिरवलं. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. इथे नुसती मेलेली, एकसारखी चकाकी, आणि तिच्यात एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे. सरळ पॉलिश मारलेलं. स्टॉलवरच्या झगझगीत पांढऱ्या दिव्यांत हे कुठलं दिसायला?

दाब कमी पडला की धातू ठशाच्या खोल भागात पुरता शिरत नाही. तिथली नक्षी अर्धवट उठते, पण कोऱ्या चकतीवरचा मूळचा बारीक खरबरीतपणा शिल्लक राहतो. शिवाय कमी पडलेला दाब गाल, मिशी, कान, मुकुटावरचे मणी असे नेमके उंचवटे शोधून गुळगुळीत करत नाही. ते काम माणसांच्या हातांचं आणि खिशांचं. माझ्या रुपयावर हे सगळेच उंचवटे घासलेले होते.

उरलीसुरली शंका काट्याने मिटवली. या रुपयाचं ठरलेलं वजन 11.66 ग्रॅम, हा भरला 11.48. ठसा कितीही कच्चा उठू दे, त्याने चांदी कमी होत नाही.

परत द्यायला गेलो तर उत्तर तयार होतं: "पॉलिश तुम्हीच केलं असेल." पावतीवर फक्त '1 रुपया, 1911' एवढंच. यूएनसी हा शब्द तोंडी होता, कागदावर नाही. ओळखीच्या एका जाणत्या संग्राहकाने नाणं व्हीएफ (व्हेरी फाइन, म्हणजे वापरात थोडंफार झिजलेलं) ठरवलं आणि साफ केलेलं असल्यामुळे पाच हजारांच्या वर जायला तयार झाला नाही. तेव्हा ग्रेड आणि वजन दोन्ही पावतीवर लिहून मागा, आणि विकणारा कां-कू करायला लागला तर नाणं तिथेच ठेवून पुढच्या स्टॉलकडे वळा.