एआय 171 चा प्राथमिक अहवाल : पंधरा पानांचे परीक्षण

12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे बोइंग 787 विमान उड्डाणानंतर जेमतेम अर्ध्या मिनिटात वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील 241 आणि जमिनीवरील 19 जण मृत्युमुखी पडले. बरोबर महिनाभराने विमान अपघात अन्वेषण विभागाने, म्हणजे एएआयबीने, पंधरा पानांचा प्राथमिक अहवाल संकेतस्थळावर ठेवला. करदात्यांच्या पैशातून झालेले हे काम आहे, त्यामुळे ते वाचकाच्या किती उपयोगाचे आहे हे तपासण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मी मानतो.

तांत्रिक नोंदींची बाजू चांगली आहे. इंधनाचे नमुने समाधानकारक होते, विमानाचे वजन मर्यादेत होते, उड्डाणमार्गात पक्ष्यांचा लक्षणीय वावर नव्हता, अशा शंका अहवाल एकेक करून बाजूला सारतो. वेळा जागतिक प्रमाणवेळेत दिल्या आहेत, त्यामुळे भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवत वाचावे लागते. 08:08:39 ला विमानाने जमीन सोडली. 08:08:42 ला दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून (चालू) ‘कटऑफ’वर (बंद) गेले. पहिला स्विच 08:08:52 ला आणि दुसरा 08:08:56 ला पुन्हा ‘रन’वर आला, 08:09:05 ला ‘मेडे’चा, म्हणजे संकटात असल्याचा, संदेश गेला आणि 08:09:11 ला ब्लॅक बॉक्समधील नोंद संपली.

इतक्या काटेकोर कालक्रमात एकच गोष्ट वेळेविना येते, आणि ती म्हणजे वैमानिकांचे बोलणे. इंधन का बंद केलेस, असे एकाने विचारले आणि मी केलेले नाही, असे दुसऱ्याने उत्तर दिले, एवढेच अहवाल सांगतो. विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण हे त्यात नाही, मूळ शब्द नाहीत, आणि हा संवाद त्या दहा सेकंदांत नेमका कुठे बसतो तेही नाही. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण सरसकट उघड करू नये, हा आंतरराष्ट्रीय संकेत मला मान्य आहे. मात्र त्याच संकेतानुसार हे वाक्य पूर्णपणे वगळताही आले असते. अर्धे सांगून अर्धे झाकल्यामुळे दोन मृत माणसे संशयाच्या छायेत गेली आणि पुढच्याच आठवड्यात परदेशी वृत्तपत्रांतील अनामिक सूत्रांनी कॅप्टनकडे बोट दाखवले. ही मला या दस्तऐवजातील सर्वांत गंभीर चूक वाटते.

दुसरी शंका स्विचच्या कुलुपाविषयी आहे. हा स्विच वर उचलल्याशिवाय हलू नये अशी त्याची रचना असते. ती निकामी होऊ शकते, अशी सूचना अमेरिकी नियामकाने 2018 मध्ये दिली होती. ती सक्तीची नसल्यामुळे एअर इंडियाने तशी तपासणी केली नाही, हे अहवालच नोंदवतो. 2019 आणि 2023 मध्ये हे स्विच ज्यात बसवलेले असतात तो थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांचा, संपूर्ण भाग बदलला होता, असेही तो सांगतो. परंतु ढिगाऱ्यातील स्विचच्या कुलुपाची स्थिती काय आढळली, याविषयी तो गप्प आहे. असे असूनही या टप्प्यावर विमान वा इंजिन उत्पादकांसाठी कोणतीही शिफारस नाही, असे लिहिण्याची घाई कशासाठी केली, हे मला समजलेले नाही.

एएआयबी आणि देशातील विमान वाहतुकीचा नियामक डीजीसीए ही दोन्ही कार्यालये नागरी उड्डाण मंत्रालयाच्याच छत्राखाली आहेत, त्यामुळे नियामकाच्या चुका तपासण्याची वेळ आली तर अवघडलेपण येणारच. 2010 च्या मंगळुरू अपघातानंतर एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय नेमले गेले होते आणि त्याची जाहीर सुनावणीही झाली होती. तो मार्ग या वेळी का टाळला, याचे उत्तर द्यायला हवे होते.

पवईला राहणाऱ्या कॅप्टनचे नव्वदी ओलांडलेले वडील स्वतंत्र न्यायालयीन चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. वैमानिकाला कोणीही दोषी धरू शकत नाही, असे न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांना सांगितले. दोष ठरवणे हा तपासाचा हेतू नाही, असे अहवालाच्या प्रस्तावनेत छापलेले आहेच, पण त्या वडिलांना त्याचा आधार वाटला नव्हता.