बेबी ट्रॅकर अ‍ॅप: ग्राफ झकास, अलार्म डोक्याला ताप

बाळाचं पाजणं, झोप, डायपर, वजन सगळ्याची नोंद ठेवणारं अ‍ॅप वापरतेय. अशी ढीगभर आहेत आणि आतून सगळी सारखीच, त्यामुळे नावात काही नाही. 5 पैकी 3 स्टार.

वजनाचा ग्राफ मात्र एक नंबर. डब्ल्यूएचओचे 2006 चे चार्ट घेतलेत, ते भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका अशा 6 देशांतल्या आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांवरून बनवलेत म्हणून भरवशाचे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण 2 आठवड्यांत भरून निघतं हे खालीच लिहिलंय ते बरं केलं, नाहीतर नव्या आईचा जीव टांगणीला. फक्त 15 पर्सेंटाइल (म्हणजे 100 पैकी साधारण 15 बाळं याच्याहून हलकी) म्हणजे नापास नाही हेही लिहा की राव! बाळ आपली रेषा धरून वाढतंय ना ते बघायचं, रेषा सोडून घसरायला लागलं तर डॉक्टर गाठायचा.

आता वैताग. दर 3 तासांनी "फीडची वेळ झाली" म्हणून टणटण. बाळाला कुठे घड्याळ कळतंय? भूक लागली की ते आधी तोंड वळवून शोधतं, मूठ चोखतं, रडणं अगदी शेवटी, आणि तोवर इतकं पिसाळतं की छातीला नीट लागतच नाही. (कमी वजनाच्या, झोपाळू बाळांना डॉक्टर उठवून पाजायला सांगतात, त्यांना अलार्म ठीक, पण बंद करायचं बटण सापडेल असं ठेवा ना!)

त्यात टायमर. डावी बाजू, उजवी बाजू, मिनिटं, टॅप करत बसा, म्हणजे माझी नजर स्क्रीनवर आणि बाळ माझ्याकडे टक लावून. नवजात बाळाला 20-30 सेंटीमीटरवरचंच त्यातल्या त्यात नीट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तिथवरच. पुढे थोडं मोठं झालं की ते "आऽ" करतं, आपण "काय गं" म्हणतो, ते थांबतं, परत "आऽ", बोलण्याची सुरुवात इथेच होते. 1970 च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने एका प्रयोगात आयांना थोडा वेळ चेहरा मख्ख ठेवायला सांगितलं होतं, तर बाळं आधी हसून, हात हलवून आईला बोलवायला बघायची, मग नजर फिरवायची, रडायची. फोनमध्ये घुसलेला चेहरा मख्खच की.

नवऱ्याच्या फोनवर नोंदी सिंक होतात, म्हणून तिसरा स्टार. अलार्म, टायमर बंद करून फक्त वजन आणि लसींसाठी ठेवलंय, प्रीमियमच्या नादी लागू नका.