जड चावीची ४०७ आणि कळंबोलीतला वायरमन

जुन्या गाडीची चावी जड फिरायला लागली आणि गॅरेजवाल्याने सरळ 'स्टेअरिंग लॉकचा सेट बदला' म्हणून सांगितलं, तर पैसे मोजण्याआधी कळंबोलीच्या स्टील मार्केटच्या रस्त्यावरच्या या वायरमनला, म्हणजे गाड्यांचं वायरिंग बघणाऱ्या मिस्त्रीला, गाडी दाखवा. गाळ्याला पाटी नाही. चावीवाल्याच्या टपरीला लागून आहे, बाहेर जुन्या सेल्फ मोटारींचा, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटारींचा, ढीग पडलेला असतो, त्यावरून ओळखायचं.

आमची गाडी म्हणजे टाटा ४०७, छोटा ट्रक, २००८ ची. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधून माल भरते आणि कळवा, मुंब्रा, ठाण्यातल्या दुकानदारांना पोचवते. हिशेब आणि गाडीची देखभाल माझ्याकडे, स्टेअरिंगवर आमचे ड्रायव्हर मामा. पावसाळा सरता सरता मामा सांगायला लागले की चावी ऑनपर्यंत येते, पण पुढे सेल्फपर्यंत न्यायला मनगटाचा सगळा जोर लागतो आणि सोडली तरी आपणहून मागे येत नाही. मला काळजी वाटली ती या दुसऱ्या गोष्टीची. चावी तिथेच अडकली तर इंजिन चालू झाल्यावरही सेल्फला करंट जात राहतो, वायरी तापतात, मोटर जळू शकते.

जवळच्या एका गॅरेजने काही न उघडताच सेटचा भाव सांगितला. सेट बदलणं म्हणजे नुसता पार्टचा खर्च नसतो. बऱ्याच गाड्यांत लॉकच्या बोल्टची डोकी बसवतानाच तोडून टाकतात, चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. ते बोल्ट छिन्नीने नाहीतर ड्रिल मारून काढावे लागतात. त्यातून इग्निशनची चावी वेगळी आणि दरवाज्याची वेगळी होते. एवढं सगळं करायची खरंच गरज आहे का, हे कुणीतरी तपासून सांगावं, एवढंच मला हवं होतं.

कळंबोलीच्या वायरमनने आधी मामांना चावी फिरवता फिरवता स्टेअरिंग डावीउजवीकडे हलवायला सांगितलं. चाकं वळलेली ठेवून गाडी उभी केली की लॉकच्या खिट्टीवर ताण येतो आणि चावी सुरुवातीलाच अडते. ज्यांची चावी तिथे अडते त्यांनी हे घरीच करून बघावं, फुकटात काम होतं. आमचं दुखणं पुढचं होतं, त्यामुळे काही फरक पडला नाही.

मग त्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, स्टेअरिंगखालचं कव्हर उघडलं आणि लॉकच्या मागचा स्विच सोडवून हातात घेतला. "ताई, लॉक वेगळं आणि स्विच वेगळा. चावी लॉकला फिरवते, लॉक स्विचला फिरवतं. दोघांतला जड कोण ते आधी बघू." स्विचच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवला तर तो हलका फिरला आणि सोडल्याबरोबर स्प्रिंगने खटकन मागे आला. नुसतं लॉक चावीने फिरवलं, तर तेच जडपण. म्हणजे स्विचची स्प्रिंग ठीक होती, तिला मागे येऊ देत नव्हतं ते लॉक. हे कळायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि गॅरेजमध्ये नेमकं एवढंच कुणी केलं नव्हतं.

"घरची दुसरी चावी आहे का?" ती मी पर्समध्ये घेऊनच गेले होते. तिने लॉक बरंच मोकळं फिरलं. दोन्ही चाव्या त्याने माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या. रोजच्या चावीचे दात गोल झाले होते. लॉकच्या आत पितळी पत्त्या असतात. चावीच्या दातांनी त्या सगळ्या एका पातळीत आल्या तरच लॉक मोकळं फिरतं. दात झिजले की पत्त्या अर्धवट राहतात आणि घासतात. मामांच्या जुडग्यात गोडाऊनच्या कुलपांच्याही चाव्या होत्या. खड्ड्याखड्ड्याला ते सगळं वजन इग्निशनच्या चावीला हिसके देत होतं. आता ती एकटीच असते.

डुप्लिकेट काढायला त्याने शेजारी घरची चावी पाठवली आणि चावीवाल्याला ओरडून सांगितलं की हीच धरून काढ. झिजलेल्या चावीवरून काढली तर नव्या चावीतही तीच झीज उतरते.

राहिलेलं जडपण कचऱ्याचं होतं. क्लीनर स्प्रे मारून कॉम्प्रेसरची हवा दिली तेव्हा लॉकमधून तपकिरी चिखल बाहेर आला. कांद्याची माती आणि कुणीतरी कधीतरी सोडलेलं तेल. तेलावर धूळ बसते आणि खळ होते, म्हणून त्याने शेवटी ग्रॅफाइटची कोरडी पूड फुंकली. पेन्सिलीच्या शिशात असतं तेच ग्रॅफाइट. पूड थोडीच घालायची.

स्विच बसवण्याआधी त्याने आतले, करंट जोडणारे पॉइंट दाखवले, काळे पडलेले. सेल्फचा रिले, म्हणजे जास्तीचा करंट चावीच्या स्विचऐवजी स्वतःमधून नेणारा छोटा पार्ट, पूर्वी कुणीतरी काढून वायर थेट जोडली होती, त्यामुळे सेल्फच्या सोलेनॉइडचा (मोटर चालू करणाऱ्या चुंबकी स्विचचा) सगळा करंट चावीच्या स्विचमधून जात होता. त्याने पॉइंट साफ केले आणि १२ व्होल्टचा रिले बसवला. हा खर्च करण्याआधी त्याने मला विचारलं, ही गोष्ट मला फार आवडली. स्विच अजून चालेल, पण वायर गरम लागली तर बदला, हेही स्पष्ट सांगितलं.

मजुरी, रिले, चावी मिळून ९५० रुपये झाले. चावी आता दोन बोटांनी फिरते आणि सोडली की मागे येते. मी पाचपैकी चार देते.

एक गुण कापला तो बिलासाठी. माझ्यासारखीला वहीत लावायला कागद लागतो, त्याने वहीच्या पानावर आकडा लिहून दिला, तोही मागितल्यावर. फोन उचलत नाही, नंबर लावायला स्वतःच जावं लागतं. सकाळी ट्रेलर आडवे लागलेले असतात, ४०७ देखील वळवता येत नाही. दुपारी तीननंतर जा. सायन-पनवेल हायवेने येत असाल तर कळंबोली सर्कलला आत वळा. आणि घरची चावी आठवणीने सोबत न्या, तिच्याशिवाय तो काम पुरं करत नाही. रविवारी बंद.