पहिलं भाड्याचं घर: डोंबिवली, घणसोली की विरार?

मुंबईत नोकरी लागलेली मुलं सुरुवातीचे काही महिने मावशीकडे नाहीतर पेइंग गेस्ट म्हणून काढतात आणि मग रात्री मोबाइलवर घरांच्या जाहिराती चाळायला लागतात. तिथे सगळी घरं भाड्याच्या चढत्या क्रमाने लावलेली असतात, त्यामुळे डोक्यातही तोच क्रम बसतो. इथे १५ हजार, तिथे १८ हजार, मग १५ वालं बघू. माझ्या मते ही उलटी सुरुवात आहे. उपनगरात आधी लोकलची लाइन ठरवावी, मग स्टेशन, आणि खोल्या, बाल्कनी, फरशी वगैरे सगळ्यात शेवटी. महिन्याला ३ हजार वाचवून रोज दोन तास जास्त उभं राहणारे लोक मी बघतो. वर्षभरात ते घर बदलतात आणि एजंटला दुसऱ्यांदा ब्रोकरेज देतात.

तुलनेसाठी तीन जागा घेतो: मध्य रेल्वेवर डोंबिवली, ठाणे-वाशी ट्रान्स हार्बरवर घणसोली-कोपरखैरणे आणि पश्चिम रेल्वेवर विरार. तिन्हीकडे नव्या नोकरदाराला परवडतील अशी घरं आहेत, पण तिथलं राहणं अगदी वेगवेगळं आहे.

ऑफिस कुठे आहे?

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात काम असेल तर फार विचार करू नका, घणसोली किंवा कोपरखैरणे घ्या. ऑफिस रिक्षाच्या अंतरावर येतं आणि लोकलची गर्दी हा विषयच आयुष्यातून जातो. अंधेरी, गोरेगाव, मालाड असेल तर विरारची बाजू सरळ पडते. डोंबिवलीहूनही अंधेरीला जाता येतं, घाटकोपरला उतरून मेट्रो १ पकडायची. मेट्रो २०१४ पासून आहे आणि वेळ वाचवते, पण सकाळी घाटकोपरच्या पुलावर जी रांग लागते ती एकदा बघून या. घणसोलीहून अंधेरी म्हणजे ठाण्याला गाडी बदला, घाटकोपरला पुन्हा बदला. रोजच्यासाठी मी तरी हे सुचवणार नाही.

दादर, परळ, फोर्टला डोंबिवली आणि विरार दोन्ही चालतात. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) सगळ्यांनाच आडवं आहे. डोंबिवलीकर कुर्ल्याला उतरतो, विरारकर वांद्र्याला, आणि पुढे दोघेही शेअर रिक्षाच्या नाहीतर बसच्या रांगेत.

नोकरी पहिली आहे आणि वर्षभरात बदलेल असं वाटत असेल, तर माझं मत डोंबिवलीला. ठाण्याला बदललं की नवी मुंबई, घाटकोपरला बदललं की अंधेरी, आणि न बदलता दादर. विरारच्या माणसाला महाप्यात नोकरी लागली तर तो घरच बदलतो.

गाडीत चढता येईल का?

हा प्रश्न जाहिरातीत कुठेच नसतो आणि घर टिकतं की नाही ते यावरच ठरतं. 'चर्चगेट दीड तास' हे गाडीत शिरल्यानंतरचं गणित झालं. शिरायचं कसं, ते स्टेशनागणिक बदलतं.

विरारचा मोठा फायदा म्हणजे बऱ्याच गाड्या तिथूनच सुटतात. थोडं आधी पोचलं तर बसायला मिळण्याची आशा असते. एक स्टेशन अलीकडे, नालासोपाऱ्याला, तीच गाडी भरून येते. म्हणजे नकाशावर जवळ असलेलं नालासोपारा प्रवासात लांब पडतं. नालासोपारा आणि वसई रोडहून सुटणाऱ्या गाड्याही आहेत, पण मोजक्या. तुमच्या वेळेला त्यातली एखादी असेल तर गोष्ट वेगळी. संध्याकाळी परत येताना विरार फास्टमध्ये मधल्या स्टेशनांवर चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना बाकीचे कसे अडवतात ते सगळ्यांना माहीत आहे. विरारला उतरणाऱ्याला तो त्रास नाही, शेवटचं स्टेशन आहे.

डोंबिवलीत मामला अवघड आहे. कल्याण, बदलापूर, टिटवाळा, कसाऱ्याच्या फास्ट गाड्या इथे येईपर्यंत दारापर्यंत भरलेल्या असतात. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकल आहेत आणि जुने डोंबिवलीकर त्यांच्या वेळा पाठ करून आपला दिवस त्यावर बेततात. काही जण उलटे कल्याणला जाऊन तिथून बसून येतात. त्यासाठी पासही कल्याणचा काढावा लागतो. फास्ट सोडून डोंबिवली स्लो घेतली तर वेळ वाढतो पण अंग शाबूत राहतं. हा सल्ला मी घाईत असलेल्यालाही देईन. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ भर गर्दीच्या वेळी दारात उभे असलेले प्रवासी रुळांवर पडून दगावले. ती गर्दी याच लाइनची होती.

ट्रान्स हार्बरवर फास्ट गाड्या नाहीत, अंतरं लहान आहेत आणि ठाण्याहून गाडी रिकामी लागते. ठाणे ते घणसोली वीसेक मिनिटं. गर्दी ठाण्याच्या पुलांवर असते, ती चुकत नाही.

घरं बघायला सगळे रविवारी जातात. रविवारी स्टेशन मोकळं दिसतं आणि मेगाब्लॉक असेल तर गाडीही नसते, त्यामुळे काहीच कळत नाही. टोकन, म्हणजे घर धरून ठेवायची आगाऊ रक्कम, द्यायच्या आधी एखाद्या मंगळवार-बुधवारी सकाळी साडेआठला त्या स्टेशनवर जाऊन उभे राहा आणि तुमच्या ऑफिसपर्यंत जाऊन बघा. तिकिटाच्या पैशात इतकी माहिती दुसरीकडे मिळणार नाही.

घरं कशी आहेत?

डोंबिवलीत स्टेशनजवळ मिळतं ते बहुधा जुन्या तीन-चार मजली इमारतीतलं घर. लिफ्ट नाही, पार्किंग नाही, पण खाली किराणा, वर सूर्यप्रकाश आणि शेजारी दार वाजवून विचारपूस करणारे. एकट्या राहणाऱ्यासाठी इथली पोळी-भाजी केंद्रं हा भाड्याइतकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. संध्याकाळी सातच्या गाडीने उतरा, पाच पोळ्या आणि पावशेर भाजी घ्या, घरी गॅस पेटवायची गरज नाही. बाहेरगावच्या मराठी मुलाला, विशेषतः मुलीला, इथे परकं वाटत नाही. पाडव्याची शोभायात्रा, फडके रोडवरची दिवाळी पहाट हे सगळं आहेच.

स्टेशनपासून लांब गेलं की नवे टॉवर लागतात. त्यातला नांदिवली, सागाव, सोनारपाडा हा '२७ गावं' म्हणून ओळखला जाणारा पट्टा पाण्यासाठी बदनाम आहे. तिथे नुसता नळ उघडून पाण्याची खात्री करू नका, टाकीत टँकरचं पाणी असलं तरी नळ वाहतोच. वॉचमनला विचारा, "टँकर आठवड्यातून किती येतात?" सेक्रेटरी सांगणार नाही, वॉचमन सांगतो. एमआयडीसीच्या बाजूला घेणार असाल तर रात्री एक चक्कर मारा, वास रात्री कळतो. मे २०२४ मध्ये तिथल्या रासायनिक कारखान्यात मोठा स्फोट झाला होता, मे २०१६ मध्येही झाला होता. कंपन्यांना लागून असलेली इमारत मी टाळेन.

घणसोली-कोपरखैरण्यात दोन वेगळी गावं एकमेकांना चिकटून आहेत. एक सिडकोचं (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), सेक्टर पाडलेलं, रुंद रस्त्यांचं. दुसरं मूळ गावठाण आणि त्याभोवती वाढलेल्या इमारती. सेक्टरमधलं घर महाग, डिपॉझिट जास्त, सोसायटीचे प्रश्न जास्त: लग्न झालंय का, नॉनव्हेज खाता का, मित्र येतात का. गावठाणात हे कुणी फारसं विचारत नाही. मालक खालच्याच मजल्यावर राहतो, भाडं कमी, तीन मुलांनी मिळून घेतलं तरी चालतं. पण दोन इमारतींमध्ये हात लांब केला तर समोरच्या खिडकीला लागेल एवढंच अंतर, दुपारी बाराला दिवा लावावा लागतो, आणि बऱ्याच इमारतींना परवानगी नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र नवी मुंबई महापालिका तिघांत उजवी आहे. तिचं स्वतःचं मोरबे धरण आहे.

(खारघर-पनवेलचा विचार डोक्यात येईलच. घरं नवी आणि मोठी आहेत, नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर-पेंधर मेट्रोही सुरू आहे. पण ती नवी मुंबई महापालिकेची हद्द नाही, उन्हाळ्यात ओरड असते. हार्बर लाइनवरही फास्ट गाडी नाही.)

विरारला त्याच पैशात एक खोली जास्त मिळते. डोंबिवलीत वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) येईल तिथे वन बीएचके, आणि वर लिफ्ट. जोडपं असेल, घरून काम असेल, ऑफिसला आठवड्यातून दोनदाच जायचं असेल, तर विरार नक्की बघा. नवी संकुलं स्टेशनपासून लांब आहेत, तेव्हा शेअर रिक्षाचा रोजचा खर्च भाड्यात मिळवून मगच तुलना करा. जाताना-येताना धरून महिन्याला हजार-दीड हजार सहज जातात. आणि रात्री साडेअकराला रिक्षा मिळते का, हेही बघा. पावसाळ्यात या भागात सखल जागी पाणी साचतं, रुळांवरही येतं. त्यामुळे तळमजला स्वस्त मिळाला तरी नको.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर टॉवर देखणे आहेत, पण स्टेशन लांब आणि रस्त्यावर अवजड वाहनांची कोंडी कायमची. ऑफिस ठाण्यातच असेल तरच.

पहिल्या दिवशी किती लागतात?

समजा भाडं १८ हजार आहे आणि डिपॉझिट ६० हजार. एजंट एक महिन्याचं भाडं घेतो. म्हणजे किल्ली हातात यायच्या आधी १८ + ६० + १८, असे ९६ हजार. त्यात गादी, शेगडी, टेम्पो अजून आलेले नाहीत. पहिला पगार झाल्यावर लगेच घर शोधायला निघालेल्यांना इथेच धक्का बसतो. एवढे नसतील तर दोघांनी मिळून घ्या, किंवा डिपॉझिट कमी असलेलं गावठाणातलं घर घेऊन वर्षभर काढा. हेवी डिपॉझिटच्या, म्हणजे चार-पाच लाख एकदम देऊन भाडं नाममात्र, अशा व्यवहारात पहिल्यांदा घर घेणाऱ्याने पडू नये. मालकाची देण्याची ऐपत संपली तर तुमची पुंजी अडकते.

अॅग्रीमेंटचा खर्च मात्र लोकांना वाटतो तेवढा नाही. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे या भाडेकराराची, स्टॅम्प ड्यूटी पाव टक्का आहे. ११ महिन्यांचं भाडं १ लाख ९८ हजार, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं मानीव व्याज मिळवायचं, इथे साडेपाच हजार. एकूण २ लाख ३ हजार ५०० वर पाव टक्का, म्हणजे जेमतेम ५०९ रुपये. शहरी भागात नोंदणी फी १ हजार, वर थोडं हाताळणी शुल्क. एजंट याचे चार हजार सांगतो, त्यात घरी येऊन अंगठे घेणाऱ्याचा मोबदला आणि त्याचा स्वतःचा वाटा असतो. सोयीचे पैसे द्यायला हरकत नाही, पण सरकारी आकडा माहीत असला की घासाघीस नीट होते.

कागद

११ महिन्यांचं अॅग्रीमेंट असेल तर नोटरी पुरे, असं तिन्ही ठिकाणी ऐकवलं जातं. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. एवढं सांगितलं की बरेच मालक नोंदणीला तयार होतात. वर्षाचं भाडं १ लाखावर जात असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत एचआरएची (घरभाडे भत्त्यावरची) सूट घेत असाल, तर मालकाचा पॅनही लागेल. तो देईल का, हे टोकनच्या आधी विचारा. नव्या करप्रणालीत ती सूट नाहीच.

इमारत अधिकृत आहे का, हा प्रश्न घर विकत घेणाऱ्याचा असं समजू नका. कल्याण-डोंबिवलीत खोट्या परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडायचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला एक अनधिकृत चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले. भाडेकरूला सगळी कागदपत्रं कुणी दाखवणार नाही, पण मालकाचं चालू वीज बिल, मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल मागता येतं. तिन्हींवर एकच नाव आहे का ते बघा, आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात भरा. सोसायटीच नसेल, तर भिंतीवर महापालिकेची नोटीस चिकटवलेली आहे का ते तळमजल्यावर नजर टाकून बघा.

लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) किती महिन्यांचा, नोटीस एक महिन्याची की दोन, रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस कोण भरणार, हे करारात लिहून घ्या. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणजे मालक स्वतः घरात राहत नसल्याबद्दल सोसायटी त्याच्याकडून घेते ते पैसे. काही मालक ते हळूच भाडेकरूवर ढकलतात. किल्ली घेताना विजेच्या मीटरचं रीडिंग, न्हाणीघरातली ओल आणि फुटलेल्या फरश्या यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. डिपॉझिट परत मागताना तारखेसकट ते फोटोच कामाला येतात.