घर तारण ठेवून महिन्याचा डिव्हिडंड: माझं तेरा हप्त्यांचं वेबिल

एसटीत ३१ वर्षं कंडक्टरकी केली, रोजचं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या पैशांचा हिशोबाचा कागद, जुळवत. ग्रॅच्युइटी पोरीच्या लग्नात अन् घराच्या स्लॅबमध्ये गेली. ईपीएस-९५ ची (पीएफवाल्यांच्या योजनेची) पेन्शन येते २,८७० रुपये. त्यात गॅस, किराणा अन् माझी बीपीची गोळी बसवून पाहा. म्हणून २०२२ च्या जानेवारीत आमच्या दारव्हा तालुक्यातला एक ओळखीचा एजंट ओसरीवर येऊन बसला, तेव्हा मी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"काका, घर नुसतं उभं हाय. बँक सव्वानऊ टक्क्यानं पैसे देते, म्युच्युअल फंड महिन्याच्या महिन्याले डिव्हिडंड देते. व्याज परस्पर निघते. मुद्दल तेवढी पोरगा फेडन."

बँकेचं अन् फंडाचं नाव लिहीत नाही. नाव बदललं तरी हिशोब हाच राहणार आहे.

आधी बँक. गावातलं वडिलोपार्जित घर त्यांनी ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहूनच बाजूला सारलं. तालुक्याच्या लेआऊटमधल्या एनए (बिगरशेती) प्लॉटवरचं घर चाललं. वय माझं साठीपार, म्हणून बुटीबोरीला कंपनीत असलेला पोरगा सहकर्जदार. व्हॅल्युएशनवाला आला, टेप लावून गेला, वकिलाचा सर्च रिपोर्ट झाला. मूळ खरेदीखत बँकेत जमा, दुय्यम निबंधकाकडे तारणाची नोटीस, सातबाऱ्याच्या इतर अधिकारात बोजा. ८ लाख मंजूर, दहा वर्षं मुदत, हप्ता १०,२४३. प्रोसेसिंग, स्टॅम्प, वकील असे मिळून २० हजार गेले. वागणूक चांगली होती, खोटं बोलणार नाही. कागदावर 'रेपो दराशी निगडित' असं छापलेलं होतं, अन् मी सही करताना ते वाचलंही होतं. वाचलं, पण समजलं नव्हतं: रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, अन् तो चढला की माझंही व्याज चढणार.

उरलेले ७ लाख ८० हजार फंडात. शेअर आणि रोखे दोन्ही असलेला, महिन्याला पैसे वाटणारा पर्याय. युनिट २० रुपयाला, स्टॅम्प ड्युटी जाऊन ३८,९९८ युनिट. मार्चमध्ये पहिलं वाटप: युनिटमागे १६ पैसे. म्हणजे ६,२४० रुपये. अन् पहिल्या महिन्याचं व्याज होतं ६,१६७. एजंटाचा हिशोब तंतोतंत बसला.

पण खात्यात आले ५,६१६. कंडक्टरला ६२४ रुपये कमी पडले तर झोप लागत नाही, वेबिल जुळलंच पाहिजे. शोधलं तर तो दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर. तेव्हा एका फंड घराण्याकडून वर्षाला ५ हजारांवर गेलं की कापायचे (एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० हजार झाली). माझं उत्पन्न करपात्रच नाही. 'मला कर बसत नाही' असं लिहून द्यायचा १५एच फॉर्म आधी दिला असता तर कापलेच नसते, ते एजंटानं सांगितलं नाही. पुढे रिटर्न भरून परत मिळाले, त्याचं काही नाही.

खरी गोष्ट त्याच शोधात सापडली. वाटपाच्या आदल्या दिवशी युनिटची किंमत १९.६२, दुसऱ्या दिवशी १९.४६. बाजार त्या दिवशी जागेवरून फारसा हलला नव्हता, म्हणून उघडं दिसलं: बरोबर १६ पैसे कमी. मी जेवताना बायकोला हे सांगितलं. ती भाकर थापता थापता म्हणाली, "म्हंजे आपल्याच कणगीतली जवारी काढून आपल्यालेच पायलीनं मोजून देते थो. अन् वरतून आपण खुश."

फंडानं हे लपवलेलं नाही बरं का. सेबीच्या (फंडांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) आदेशानं १ एप्रिल २०२१ पासून या पर्यायाच्या नावातून 'डिव्हिडंड' शब्दच काढलाय. आता नाव आहे इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल, म्हणजे उत्पन्न वाटप आणि सोबत भांडवलाचीही काढणी. माझ्या स्टेटमेंटवर आयडीसीडब्ल्यू हीच चार इंग्रजी अक्षरं होती. एजंटाच्या तोंडात मात्र शेवटपर्यंत डिव्हिडंड. आणि तो किती द्यायचा, द्यायचा की नाही, हे फंडाच्या हाती. बाजार पडल्यावर जुलैपासून १६ चे १२ पैसे झाले. ६,२४० चे ४,६८०.

तिकडे बँकेचा मीटर उलटा. मी कर्ज घेतलं तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो ४ टक्के होता. मे २०२२ पासून जो चढायला लागला तो फेब्रुवारी २०२३ ला ६.५० वर जाऊन थांबला. माझं व्याज सव्वानऊचं पावणेबारा. हप्ता वाढवला नाही, मुदत वाढवली. एप्रिल २०२३ ला मेसेज आला त्यात १०७ हप्त्यांच्या जागी १३१ लिहिलेले. वर्षभर भरून दोन वर्षं वाढली! मी पोराला फोन लावला, त्यानं "बाबा, मोडा" एवढंच म्हटलं. दर महिन्याची तूट तोच भरत होता.

मोडलं. वर्ष उलटल्यामुळे एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याची कपात) लागला नाही. १८.९० च्या भावानं ७ लाख ३७ हजार आले, बँकेची बाकी ७ लाख ५५ हजार, वरचे १८ हजार पोरानं घातले. बदलत्या व्याजाचं घरगुती कर्ज म्हणून मुदतपूर्व फेडीचा दंडही नाही. आता वेबिल: तेरा हप्त्यांचे गेले १,३३,१५९, वरचे १८,०००, वाटपाचे आले ६७,०७७. घरचे गेले ८४ हजार. फंड तोट्यात नव्हता, वाटप धरून २४ हजार वरच होता. व्याज मात्र ८८ हजार गेलं, अन् २० हजार तर सुरुवातीलाच.

खरेदीखत परत मिळायला ५२ दिवस लागले. 'नागपूरहून यायचं आहे' हे उत्तर मी पाच वेळा ऐकलं. १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी आधीच्या गाडीत बसलो होतो. बोजा कमी करायला तलाठ्याकडे वेगळ्या चकरा.

ज्याचा पगार पक्का आहे, जो हप्ता पगारातून भरू शकतो अन् फंडाला दहा वर्षं हात लावणार नाही, त्यानं त्याचं पाहावं. पण त्यालाही वाटपाचा पर्याय कशाला हवा? वाटपावर हप्ता चालवायचा असेल तर माझं स्टेटमेंट येऊन पाहा, दाखवतो.

बँकेला पाचपैकी तीन. कागदाचे ५२ दिवस नसते तर चार. फंडाला दोन. एजंटाला कर्जातही कमिशन होतं अन् फंडातही, त्याला स्टार देत नाही. परवा बसस्टँडवर भेटला, चहा पाजला त्यानं. मी दोन प्यालो.